तळ्यावरचा वारा पडला की

शिकागो, २६ मे

आक्का,

हे पत्र सोमनाथ तुला वाचून दाखवेल. मी फोन केला तेव्हा त्यानेच सुचवलं. म्हणाला, "मावशी, आई फोन कानाला लावायची नाय. पण कागद आला तर मी मोठ्यानं वाचीन. मग तिनं ऐको नायतर उठून मेंढरांत जावो." तीस वर्षं अंगणवाडीचे अहवाल लिहिले, पण तुला पत्र लिहायची ही पहिलीच खेप. आपण तीन वर्षं बोललो नाही. त्यामुळे सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही, म्हणून हवापाण्यापासून करते.

आधी हे सांगते की वृषालीला मुलगी झाली. ९ तारखेला. दोघी बऱ्या आहेत. मी बाळंतपणासाठी एप्रिलच्या शेवटी आले आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत इथेच आहे. जावई आदेश सकाळी सातला दवाखान्यातल्या लॅबमध्ये जातो तो सहाला येतो. दिवसभर आम्ही तिघी.

शहर अवाढव्य आहे आणि त्याला लागून तळं आहे. तळं म्हणतात म्हणून म्हणायचं. डिंभ्याच्या धरणाचं पाणी आपल्याला केवढं वाटायचं, पण त्याला पलीकडचा डोंगर तरी होता. इथे पाण्यापलीकडे नुसतं आभाळ. घरापासून चार गल्ल्यांवर काठ आहे. सगळी हवा त्या पाण्याच्या हातात. परवा सकाळी अठ्ठावीस डिग्री होतं, म्हणून मी बाळाचे कपडे मागच्या जिन्यात वाळत घातले. दुपारी वारा फिरला आणि तळ्याकडून आला. पंधरा मिनिटांत तेरा डिग्री. मी मेंढरं राखणाऱ्या आबांची लेक आहे, वाऱ्याचं पाठ-पोट मला कळतं असं मला वाटायचं. इथे ओले कपडे हातात घेऊन कुडकुडत उभी राहिले.

घर विटांचं, तीन मजली. खाली कोणी नाही, विकायला काढलंय. मधे आपण. वरच्या मजल्यावर हेलन नावाची एकटी म्हातारी राहते. चौऱ्याऐंशी वर्षांची. तिच्या डोक्यावर सपाट डांबरी छप्पर. तिने मला कपडे गोळा करताना पाहिलं आणि हसली. काहीतरी बोलली. वृषाली म्हणाली, ती म्हणतेय, साठ वर्षं झाली इथे, तळं आहे तोवर उन्हाळ्याला भ्यायचं कारण नाही.

तिकडे ऊन फार आहे असं फोनवर दिसतं. मंचरला एकेचाळीस. आक्का, डोक्याला बांधून जात जा.

पुष्पा


शिकागो, ५ जून

आक्का,

सोमनाथ म्हणाला पत्र पोचलं, आणि तू शेवटपर्यंत बसून ऐकलंस. बोलली काहीच नाहीस, पण उठलीही नाहीस. एवढं मला पुष्कळ झालं.

परवा मंगळवारी सकाळी दहाला भोंगा वाजला. गिरणीच्या भोंग्यासारखा नाही. वर चढतो, खाली उतरतो, आणि सगळ्या शहरावरून एकदम येतो. मी बाळाला उचललं आणि दाराकडे पळाले. वृषाली म्हणाली, आई, काही नाही, दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी नुसता वाजवून बघतात. वावटळ आली तर लोकांना कळावं म्हणून. तरी मी बाळाला मांडीवरून खाली ठेवलं नाही. जे येणार नाही त्याची आठवण दर महिन्याला कशाला करून द्यायची.

कालपासून आभाळ पिवळं आहे. ढग नाहीत, पाऊस नाही, आणि सूर्य कुंकवाच्या टिकलीसारखा लाल. त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येतं. कॅनडात जंगलं जळतायत, तो धूर शेकडो मैलांवरून इथे आलाय. बाळाला बाहेर नेऊ नका असं सरकारने फोनवर कळवलं. खिडक्या बंद करून आम्ही घरात. जळकट वास तरी येतोच, दुसऱ्याच्या घरात काही करपल्यासारखा.

हेलनच्या खिडक्या मात्र नेहमीच बंद असतात. आदेश सांगत होता, काही वर्षांपूर्वी मागच्या लाकडी जिन्याने एक चोर चढला होता. तेव्हापासून तिने सगळ्या खिडक्यांना खिळे मारून घेतलेत. एक टेबलफॅन आहे तेवढाच. मागच्या जिन्यावर डबे ठेवून ती टोमॅटो लावते. काल रोपांना पाणी घालायला आली तेव्हा अंगात स्वेटर होता. तिला धूर दाखवून मी नाक दाबलं. तिने खांदे उडवले आणि तळ्याकडे बोट केलं. वारा येईल आणि घेऊन जाईल.

आज सकाळी खरंच वारा आला आणि आभाळ धुतल्यासारखं निघालं.

पुष्पा


शिकागो, २४ जून

आक्का,

तीन दिवस तळ्यावरचा वारा पडलाय. नैऋत्येकडून गरम वारं येतं आणि पाण्याच्या काठाला येऊन थांबतं. इथे फॅरनहाइटचा हिशोब असतो. पंच्याण्णव म्हणजे आपले पस्तीस. मी पहिल्या दिवशी हसले. टीव्हीवर बाई लाल नकाशा दाखवून सांगत होती, म्हाताऱ्यांना एकटं सोडू नका, दारं वाजवून बघा, थंड जागी न्या. पस्तीसला एवढा गहजब. मी वृषालीला म्हणाले, आपल्याकडे चाळिसात कांदा काढतात बाया.

तिने मला फोनवर दुसरा आकडा दाखवला. अंगाला लागतं किती, तो. त्रेचाळीस. या राज्यात मैलोन्‌मैल मका आहे, आणि मका घाम टाकतो म्हणतात, त्याची सगळी वाफ शहरावर येते. त्या वाफेत अंगावरचा घाम वाळतच नाही. हे मला पटायला दोन दिवस गेले. आपलं ऊन वरून मारतं, सावलीला गेलं की सुटका होते. इथे सावलीच नाही. घरात तेच, जिन्यात तेच. विटा दिवसभर तापतात आणि पहाटे हात लावला तरी कोमट लागतात.

एक गोष्ट सांगते. शनिवारी आदेश वर जाऊन हेलनला म्हणाला, आमच्याकडे खिडकीत एसी आहे, दोन दिवस खाली या. ती दारात उभी होती, विचार करत होती. मी मागेच होते. मला वाटलं बिचारीला उगाच घाबरवतायत. मी माझ्या छातीवर हात ठेवला, "इंडिया" म्हणाले, बोटांनी चार आणि दोन, म्हणजे बेचाळीस, दाखवले आणि हात झटकला. "नथिंग, नथिंग." ती खूप हसली. तिनेही तसाच हात झटकला आणि दार लावून घेतलं.

आदेशने खाली येऊन ते वृषालीला सांगितलं. ती चिडली. म्हणाली, "आई, तुला प्रत्येक ठिकाणी सगळं माहीत असतं."

तिच्या बोलण्यात तुझा आवाज होता. तूही असंच म्हणायचीस.

संध्याकाळी काठावर गेलो. लाल झेंडा लावला होता, म्हणजे पाण्यात जायचं नाही. तरी माणसं पाण्यात होती, कारण बाहेर उभं राहवत नव्हतं. नावेतून दोघे काठ्या घेऊन काहीतरी शोधत होते. कुणाचा तरी पोरगा, पंचवीसएक वर्षांचा, दुपारी बुडाला होता. पाणी वरून इतकं शांत होतं की खाली ओढ आहे हे सांगूनही खरं वाटत नव्हतं. आम्ही परत फिरलो. हेलनच्या घरात दिवा होता, म्हणजे ती ठीक होती. मी मुद्दाम वर बघितलं.

पुष्पा


शिकागो, १७ जुलै

आक्का,

तू सोमनाथकडून विचारलंस की बाळाचं नाव काय ठेवलं. नाव ठेवलं अंजना. त्याने मला सांगितलं की तू स्वतःहून विचारलंस. मी दोनदा त्याच्याकडून वदवून घेतलं.

परवा खरा भोंगा वाजला. दुपारी चारला आभाळ हिरवं झालं. खोटं नाही, शेवाळलेल्या हौदासारखं हिरवं. सगळ्यांचे फोन एकदम ओरडले. आदेश घरी होता. त्याने वर जाऊन हेलनला दंडाला धरून आणलं आणि आम्ही सगळे तळघरात उतरलो. वर काहीतरी आगगाडीसारखं जात होतं. हेलनने माझा हात धरला होता. तिचा हात कागदासारखा सुका आणि हलका. वीस मिनिटांनी बाहेर आलो तर शेजारचं झाड गाड्यांवर आडवं, आणि वावटळ दुसरीकडून गेली होती.

मला वाटलं आता गारवा येईल. दुसऱ्या दिवशी जमिनीतून वाफा निघाल्या आणि उकाडा दुप्पट झाला.

त्या हातामुळे मला आबा आठवतायत. लिहू की नको असं दोन दिवस चाललंय.

तू तेराव्याला सगळ्यांच्या देखत म्हणालीस, "आबाला तू पत्र्याखाली भाजून मारलंस." मी तुला आजवर उत्तर दिलं नाही. आज देते. ओतूरचं माझं घर तुला माहीत आहे. खाली दार उघडलं की थेट रस्ता, आणि आबा उठले की मेंढरं शोधायला निघायचे. कुठली मेंढरं, ती विकून पंधरा वर्षं झाली होती. दोनदा ते नगर रस्त्यावर ट्रकसमोर सापडले. म्हणून वरच्या खोलीत ठेवलं. पत्रा होता, पण पंखा होता. मी पंखा लावून दिला होता. माठ भरून ठेवला होता. गुरुवार होता, लाईट गेली, यात माझा काय दोष? डॉक्टरांनी हार्ट लिहिलं. झोपेतच गेले. नव्वदीच्या माणसाला असं सुखाचं मरण येतं म्हणून लोक देवाचे आभार मानतात.

मी त्यांना माझ्याकडे आणलं तेव्हा तू एवढंच म्हणाली होतीस, "पत्र्याखाली ठिवू नको." मी म्हणाले, तुझ्या रानातल्या उन्हापेक्षा बरं. तुला माहीत होतं आणि मला नव्हतं. हे मी मान्य करते. बाकी काही नाही.

पुष्पा


शिकागो, ३० जुलै

आक्का,

आज वारा तळ्याकडून आलाय. चार दिवसांनी आला. मी मागच्या जिन्यात बसून लिहितेय. वरच्या मजल्याच्या दाराला प्लायवूड ठोकलंय, कारण त्याची काच मी फोडली.

झालं ते क्रमाने सांगते.

शनिवारपासून वारा पडला. अंगाला लागणारा आकडा चव्वेचाळीसवर गेला. शनिवारी आदेश हेलनला बोलवायला गेला तर तिने साखळी न काढता फटीतून बघितलं, ठीक आहे म्हणाली आणि तोच हात झटकला, मी शिकवलेला. रविवारी मी गेले. दार उघडलं नाही, आतून आवाज आला, "फाइन, फाइन." आवाज जड होता, जीभ सुजल्यासारखा. मी खाली येऊन वृषालीला सांगितलं. ती म्हणाली, इथे लोकांना असं सारखं विचारलेलं आवडत नाही, आदेश आल्यावर बघू. आदेश आला, गेला, तिने पुन्हा फाइन म्हटलं.

सोमवारी सकाळी तिचे टोमॅटो माना टाकून होते. पाणी घातलेलं नव्हतं. एरवी वरून तिच्या चपलांचा आवाज येतो, तोही नव्हता. साडेदहाला मी वर गेले. दार वाजवलं. काही नाही. काचेला आतून पडदा. फक्त फॅनची घरघर. पुन्हा वाजवलं. काचेवर हात ठेवला तर ती तव्यासारखी तापलेली.

आणि मी खाली आले. आक्का, मी खाली आले. झोपली असेल म्हणाले. भाकरीचं पीठ घेतलं, पाणी घातलं, मळायला लागले. वृषाली बाळाला पाजत होती. वर फॅन चालूच होता. पीठ मळता मळता मला कळलं की मी त्या फॅनचा आवाज ऐकून स्वतःची समजूत घालतेय, आणि अशी समजूत मी आधी एकदा घातली आहे.

मी पिठाच्या हातानेच वृषालीच्या खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि वर पळाले. ती मागून ओरडत होती, आई, पोलिसांना फोन करू, थांब. मी थांबले नाही. काच फोडली, आत हात घालून कडी काढली. हात कापला ते नंतर कळलं.

आतली हवा भट्टीची. ती स्वयंपाकघरात फरशीवर पडली होती, एक हात टेबलाच्या पायाला. अंगात स्वेटर होता. मी तिच्या कपाळाला हात लावला. घाम नव्हता. वाळलेलं, तापलेलं कातडं, आणि त्याखाली काहीतरी भरभर धावत असल्यासारखं. मला ते कातडं ओळखीचं होतं.

स्वेटर कापून काढला. चादरी भिजवून तिच्यावर टाकल्या, बादलीने पाणी ओतलं, काखेत बर्फ दाबला. वृषालीने फोन लावला होता. आठ मिनिटांत अॅम्ब्युलन्सवाले आले. नेताना तिचे डोळे अर्धे उघडे होते, पण कुठेच बघत नव्हते.

अजून जिवंत आहे म्हणतात.

पुष्पा


शिकागो, ८ ऑगस्ट

आक्का,

हेलन वाचली. उजवी बाजू नीट चालत नाही, माणसं ओळखत नाही, पण वाचली. तिचा भाचा लांबच्या गावाहून आला आणि तिला एका आश्रमासारख्या ठिकाणी घेऊन गेला. जाताना माझे दोन्ही हात हातात घेऊन रडला. गल्लीतल्या बायकांनी केक आणला. वृषालीने माझ्या पट्टी बांधलेल्या हाताचा फोटो टाकला आणि तो ओतूरच्या ग्रुपवर फिरला. ग्रामपंचायतीचे चांगदेव भाऊ लिहितात, ताई आल्यावर सत्कार करू. सोमनाथनेही हात जोडल्याचं चित्र पाठवलं. म्हणजे तुलाही त्याने फोटो दाखवला असणार. तू तो फोटो बघितलास, हे मला आठ दिवस सहन होत नाहीये.

सोमनाथ, बाळा, इथून पुढचं अडखळू नकोस. सगळं वाच. थांबून आईच्या तोंडाकडे बघू नकोस.

आक्का, आबा झोपेत गेले नाहीत.

त्या गुरुवारी खोडदला लग्न होतं. साडेबाराचा मुहूर्त. अकराला निघाले. निघताना मी वरच्या खोलीला बाहेरून कडी घातली. दोन महिने घालत होते. दळण आणायला, बाजाराला, पंधरा मिनिटं, अर्धा तास. त्यांनी रस्त्यावर जाऊ नये म्हणून. त्या दिवशी ते मला म्हणाले, "पुष्पे, मला घिऊन चल, मेंढरं खोडदच्या माळावर हाईत." मी म्हणाले, आलेच, आणि कडी घातली.

लग्नात पंगत लांबली. तीनला कुणीतरी म्हणालं, आज गुरुवार, ओतूरला लाईट नसणार. मी ऐकलं. माझ्या हातात जिलेबीची ताटली होती. मी मनाशी म्हणाले, माठ भरलाय, म्हातारं माणूस दुपारी झोपतं. शेजारच्या साळुबाईला फोन करून वर जायला सांगता आलं असतं. पण मग तिला कडी दिसली असती. म्हाताऱ्याला कोंडून लग्नाला गेली, असं गावात झालं असतं. अंगणवाडीची बाई मी, दुसऱ्यांना शिकवणारी. म्हणून केला नाही.

साडेपाचला आले. कडी काढली तर दार लोटेना. आबा दाराला टेकून पडले होते. अंग तापलेलं होतं, घाम नव्हता. माठ कोरडा. मी त्यांना काखेत धरून खाटेपर्यंत ओढत नेलं, नीट झोपवलं, चादर घातली, धोतर सारखं केलं. मग जिन्यात येऊन हाक मारली. साळुबाई आली तेव्हा दार सताड उघडं होतं आणि आबा झोपल्यासारखे दिसत होते. सगळ्यांना मी तेच सांगितलं. वृषालीलाही.

तू पत्र्याचं बोललीस तेव्हा मी आतून सुटले. पत्र्याचं भांडण मला झेपणारं होतं. तीन वर्षं मी तुझ्यावर रुसून बसले, कारण रुसून बसलं की सांगावं लागत नाही.

हेलनला वाचवून आबांचं काही भरून येत नाही. इथे सगळे शाबासकी देतात आणि मला दर वेळी ती तापलेली काच आणि खाली येऊन मळलेलं पीठ आठवतं. तिथेही मी अर्धा तास घालवलाच. तो अर्धा तास नसता तर तिची उजवी बाजू चालली असती, असं डॉक्टरांनी म्हटलं नाही. मी विचारलं नाही.

१४ सप्टेंबरला मुंबईत उतरते. ओतूरला जायच्या आधी तुझ्याकडे यायचं आहे. तू नको म्हणालीस तर येणार नाही.

पुष्पा


धामणी, २७ ऑगस्ट

पुष्पे,

सोमनाथ लिहितोय. मी सांगते तसं लिही म्हणलंय, सुधारायचं न्हाई. टपालानं उशीर व्हईल म्हणून कागदाचा फोटो धाडणार हाय म्हणतो.

तुझा कागद आला त्याला दोन दिस झाले. त्यानं सगळा वाचला. मधी थांबला व्हता, मी म्हणलं वाच.

कडीचं मला म्हाईत व्हतं. त्याच सांजेला. तू खाली बायांत रडत व्हतीस आन मी आबाचं तोंड, हात पुसत व्हते. त्याच्या नखांत हिरवा रंग व्हता. सगळ्या नखांत. मी उठून दाराची आतली बाजू बघितली. खाली, ईतभर उंचीवर, रंग निघाला व्हता. मी ओल्या फडक्यानं आबाची नखं साफ केली, काडी घिऊन. गडीमाणसं आंघोळ घालाया यायच्या आत. मग फडकं पदरात खोचलं आन घरी आणून जाळलं.

तेराव्याला मी पत्र्याचं बोलले ते मुद्दाम. लोकं कुजबुजत व्हती, दुपारी दार बंद व्हतं म्हणून. म्हणलं लोकांना भांडाया पत्रा दिऊ, म्हंजी दाराकडं कुणी बघायचं न्हाई. खरं बोलले असते तर तुला ओतूरात ऱ्हाता आलं नसतं. पण तू मला तरी सांगशील असं वाटलं व्हतं. एक वरीस थांबले. मग दुसरं. मग मला राग आला तो खरा राग आला.

आता माझं ऐक. हे सोमनाथलाबी म्हाईत न्हाई, आज लिहिताना कळंल. आबा माझ्याकडं व्हता तवा मी रानात जाताना त्याच्या पायाला दावं बांधायचे, बाभळीला. सावलीत बांधायचे, पाणी ठिवायचे, पण बांधायचे. एक दिस दावं तोडाया गेला आन घोट्याचं कातडं निघालं. ते मला बघवंना. म्हणून तू न्हेते म्हणलीस तवा मी एका सबदानं अडवलं न्हाई. पत्र्याखाली ठिवू नको एवढं म्हणले, बांधू नको म्हणाया माझं तोंड न्हवतं. त्या फडक्यानं हात पुसले तवा आबाच्या घोट्यावरचा, माझ्या दाव्याचा वणबी पुसून बघितला. तो जाईना.

त्या म्हातारीचं वाचून मला बरं वाटलं. तेवढंच बरं वाटलं.

सत्काराला बसू नको.

मंचरवरनं धामणीची एसटी साडेचारला हाय. सोमनाथ फाट्यावर मोटरसायकल घिऊन थांबंल. भाकर टाकून ठिवीन. तुझ्याशी बोलता यील का न्हाई ते मला आज सांगता येत न्हाई. तू ये.

गजराबाई